भूजलाचा शोध: खडक ओळखणारे आणि पाणी मोजणारे एकत्र का हवेत?

बोअर घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, पॉइंट कोणाकडून काढायचा? कोणी तळहातावर नारळ घेऊन चालणाऱ्या पाणाड्याला बोलावतं, कोणी मशीनवाल्याला. मशीनवाला चार सळया जमिनीत ठोकतो, तारा लांबवत नेतो, वहीत आकडे लिहितो आणि एका जागी खूण करून जातो. मग गाडी येते आणि रॉडमागून रॉड खाली जायला लागतो. दोन इंची पाणी लागलं तर मशीन खरं, नुसता फुफाटा उडाला तर मशीन खोटं, असा निकाल गाव लगेच देऊन टाकतं. माझ्या मते या दोन्ही निकालांत मशीनवर अन्याय होतो. मशीनला विचारलेला प्रश्नच अर्धा होता, तर उत्तर पुरं कसं मिळणार?

प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग ज्यांना ठाऊक असतो, ती माणसं त्या शेतात आलेलीच नसतात. मशीन हे भूभौतिकशास्त्राचं हत्यार. न खणता जमिनीखालच्या थरांचे भौतिक गुण मोजायचे, हे त्या शास्त्राचं काम: वीज किती वाहते, चुंबकत्व किती आहे, धक्क्याच्या लहरी किती वेगाने जातात, गुरुत्वाकर्षण किती. भूजलशास्त्रज्ञाचा हिशेब वेगळा. पाऊस किती पडला, त्यातलं मुरलं किती, ते कुठून कुठे सरकतं, विहीर उपसली तर किती वेळात भरते आणि दरवर्षी एवढं काढलं तर पुरेल का. एकाचं उत्तर ओहम-मीटरमध्ये, म्हणजे खडक विजेला किती अडवतो या मापात येतं, दुसऱ्याला ते दिवसाला किती घनमीटर असं हवं असतं. या दोन आकड्यांच्या मधे कुठलंही सरळ सूत्र नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

मशीन नेमकं काय मोजतं

चार सळयांपैकी बाहेरच्या दोन सळयांतून वीज जमिनीत सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधला व्होल्टेजचा फरक मोजतात. बाहेरच्या सळया जवळ असतील तर वीज वरवरच्या थरातून जाते. त्या जसजशा लांब नेल्या, तसतशी ती जास्त खोल उतरते. अशा रीतीने एकाच जागी उभं राहून खालचे थर एकेक करून चाचपता येतात. फ्रान्समधल्या कॉनराड श्लुम्बर्गर यांनी 1912 च्या सुमारास या पद्धतीचे प्रयोग सुरू केले. सळया मांडण्याच्या एका रीतीला आजही त्यांचंच नाव आहे.

हाती येते ती रोधकता, म्हणजे तो थर विजेला किती अडवतो याचं माप. अखंड काळा पाषाण वीज फार अडवतो, त्याचा आकडा शेकड्यांत जातो. त्याच दगडाला भेगा असल्या, तो कुजला आणि भेगांत पाणी भरलं, तर पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि आकडा काही दहांवर उतरतो. काळ्या चिकणमातीत तो साधारण दहाच्याही खाली जातो. एवढ्यावरून वाटतं की आकडा कमी तिथे पाणी, झालं काम. पण आकडा चिकणमातीनेही कमी होतो, आणि चिकणमाती पाणी धरते पण सोडत नाही. खाऱ्या पाण्यानेही कमी होतो.

विदर्भातला खारपाणपट्टा याचं ढळढळीत उदाहरण आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत आणि त्यांतलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारट आहे. तिथे नुसत्या रोधकतेवर गेलं तर सगळीकडे पाणीच पाणी दिसेल. पाणी आहेही, पण ते ना पिण्याचं ना पिकाचं. शेजारच्या दोन विहिरींत क्षारांचं माप घेणारं साधं उपकरण बुडवलं तर पाच मिनिटांत कळतं की कमी आकड्यामागे मीठ आहे. पण ते उपकरण घेऊन फिरणारा माणूस वेगळ्या खात्यातला, आणि त्याचा अहवाल वेगळ्या कपाटात.

दुसरी अडचण याहून छुपी आहे. समजा खाली 20 ओहम-मीटरचा 10 मीटर जाड थर आहे. आता त्याऐवजी 10 ओहम-मीटरचा 5 मीटर जाड थर आहे असं समजा. जाडी भागिले रोधकता, दोन्हीकडे 0.5 येते. वरखाली जास्त रोधकतेचे खडक असले, तर जमिनीवरून घेतलेल्या मोजणीत हे दोन थर जवळजवळ सारखेच दिसतात. संगणकाला विचारलं तर तो दोन्ही उत्तरं बिनचूक म्हणून देईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र एकात 10 मीटर कुजका, पाणी धरणारा खडक आहे आणि दुसऱ्यात बहुधा 5 मीटर माती.

यातून सुटायचं कसं? आपल्याकडे एक सोय आहे, जी जगात फार थोड्या ठिकाणी सापडते: रुंद तोंडाच्या, बांधकाम नसलेल्या विहिरी. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की अशा विहिरीत डोकावून पाहा. वर दोन-तीन मीटर माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, मधेच तांबड्या गेरूचा हातभर पट्टा, खाली उभ्या चिरांचा काळा पाषाण. कुठल्या थरातून झिरा ओघळतोय तेही दिसतं, तिथे भिंत ओली आणि शेवाळलेली असते. थरांची जाडी मोजपट्टीने घ्यायची, ती मशीनवाल्याला द्यायची आणि जाडी पक्की धरून रोधकता काढायला सांगायचं. दोन उत्तरांतलं एक लगेच गळून पडतं. विहीर वाचणं ही भूजल आणि भूशास्त्राच्या लोकांची रोजची सवय. मशीनवाल्याला ती शिकवलेली नसते आणि शेतावर यायला त्याच्यासोबत कोणी दिलेलं नसतं.

बेसॉल्टचा हट्टीपणा

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरत गेले. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, पोट घट्ट, आणि दोन थरांमधे कधी तांबडी माती. पाणी राहतं ते मुख्यतः कुजक्या आणि भेगाळलेल्या भागात, आणि तेही फार थोडं. कुजक्या किंवा पोकळ्यांच्या बेसॉल्टमधून निथळून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्के धरतात. म्हणजे एक घनमीटर खडक रिकामा केला तर 10 ते 30 लिटर. वाळूच्या गाळात हेच प्रमाण 12 ते 20 टक्के असतं.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मशीनने थर कितीही अचूक शोधून दिला तरी त्यात पाणी किती, हे त्याच आकड्यातून काढता येत नाही. 1942 मध्ये अमेरिकेत आर्ची यांनी खडकाच्या पोकळ्या, त्यांतलं पाणी आणि रोधकता यांचं एक सूत्र मांडलं. तेलाच्या शोधात ते आजही वापरतात. पण ते स्वच्छ वालुकाश्मासाठीचं सूत्र आहे. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये जागोजागी माती असते, ती स्वतःच वीज वाहून नेते आणि सूत्राचा हिशेब कोसळतो. शिवाय बेसॉल्टच्या बुडबुड्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं भरली गेली आहेत. खडक दिसायला जाळीदार असतो, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. पाण्याला वाटच नाही.

जमिनीवरूनच थेट पाणी ओळखणारी एक पद्धत आहे, चुंबकीय अनुनादाची. पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा संदेश ती ऐकते. तिची पहिली उपकरणं सोव्हिएत काळात नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी बनवली. पण बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजं असतात आणि पाणी थोडं, त्यामुळे हा नाजूक संदेश विस्कटतो. म्हणजे या खडकात कुठल्याच एका यंत्रावर विसंबून भागत नाही.

भिंत आहे, पण कुठे?

भूजलशास्त्रज्ञाचं मुख्य साधन म्हणजे उपसा चाचणी. एका विहिरीतून तासन्‌तास एकसारखा उपसा करायचा, शेजारच्या विहिरीतली पातळी ठरावीक वेळाने नोंदायची आणि पंप बंद केल्यावर पाणी किती वेगाने वर चढतं तेही पाहायचं. पोकळ्या खरंच जोडलेल्या आहेत का, थर किती पाणी वाहून नेतो आणि किती साठवतो, हे त्यातून कळतं. भूभौतिकी जे सांगू शकत नाही, ते इथे मिळतं.

पण या चाचणीचीही मर्यादा आहे. समजा पातळी काही तास एका ठरावीक गतीने उतरत होती आणि मग अचानक भराभर उतरायला लागली. जाणकार माणूस ओळखतो की उपशाचा परिणाम पसरत जाऊन कुठल्यातरी भिंतीला टेकला, तिकडून आता पाणी येत नाही. भिंत अंदाजे किती अंतरावर आहे तेही काढता येतं. ती कुठल्या दिशेला आहे हे मात्र एका विहिरीच्या नोंदीवरून सांगता येत नाही.

धुळे-नंदुरबारकडे हे नेहमी घडू शकतं. तिथे लाव्हाच्या थरांना चिरत उभे घुसलेले दगडी पट्टे आहेत, ज्यांना भूशास्त्रात डाईक म्हणतात. काही मैलोन्‌मैल लांब, बहुतेक पूर्व-पश्चिमेच्या आसपासच्या दिशेने गेलेले. काही डोंगराच्या कण्यासारखे वर दिसतात, काही शेतमातीखाली गडप आहेत. गडप झालेला डाईक शोधायला चुंबकमापक घेऊन शेतातून आडवं चालत गेलं तरी पुष्कळदा पुरतं, आकडा एका पट्ट्यात ठळकपणे वर किंवा खाली जातो. भूभौतिकशास्त्रज्ञ सांगू शकतो, डाईक इथून इथे गेला आहे. पण तो डाईक पाणी अडवतो की वाहून नेतो? काही डाईक आतून घट्ट असतात आणि भूजल बांधासारखं अडवतात. काहींच्या कडा इतक्या तडकलेल्या असतात की त्याच पाण्याचा मार्ग होतात. चुंबकमापकाला हे दोन्ही सारखेच.

आता दोघांना एकत्र बसवा. एकाकडे दिशा आहे पण स्वभाव माहीत नाही, दुसऱ्याकडे स्वभाव आहे पण दिशा नाही. डाईकच्या दोन्ही अंगांच्या विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजली आणि एकीकडे उपसा करून दुसरीकडे फरक पडतो का हे पाहिलं, की बोअर कुठल्या अंगाला घ्यायची आणि पाझर तलाव कुठे बांधला तर पाणी टिकेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. या कामाला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. फक्त दोन माणसं एकाच दिवशी एकाच शेतात लागतात.

आधी कोणी असं केलं आहे का?

उपसा चाचणीचं शास्त्रच दोन विद्यांच्या भेटीतून जन्माला आलं. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण विभागातले चार्ल्स थाइस या प्रश्नाशी झगडत होते की उपसा चालू असताना विहिरीभोवतीची पातळी वेळेनुसार कशी उतरत जाते. धातूतून उष्णता वाहते तसंच पाणी खडकातून वाहत असणार, हे त्यांना जाणवलं, पण त्यासाठी लागणारं गणित त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी सिनसिनाटी विद्यापीठातले गणितज्ञ मित्र क्लॅरेन्स लुबिन यांना उष्णतेचा तो प्रश्न सोडवून मागितला. लुबिन यांनी सोडवून दिला, आणि गणित म्हणून त्यात फार काही नाही असं सांगून सहलेखक व्हायला नकार दिला. 1935 मध्ये थाइस यांचा निबंध आला आणि जगभरातल्या उपसा चाचण्या आजही त्यावर उभ्या आहेत. गणितज्ञाला किरकोळ वाटलेली गोष्ट दुसऱ्या शास्त्राला पिढ्यान्‌पिढ्या पुरली. म्हणूनच, आपल्या विद्येतलं सोपं ज्ञान कोणाच्या उपयोगी पडेल हे आपणच ठरवून गप्प बसू नये, असं मला फार वाटतं.

जवळचं उदाहरण हैदराबादचं. तिथल्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेत 1999 मध्ये फ्रान्सच्या भूशास्त्र संस्थेबरोबर भूजल संशोधनाचं संयुक्त केंद्र सुरू झालं. शहराच्या दक्षिणेला महेश्वरम नावाचं छोटं पाणलोट क्षेत्र आहे, खडक ग्रॅनाइटचा. तिथे या लोकांनी जमिनीवरून रोधकता मोजली, बोअरमध्ये कुठल्या भेगेतून पाणी येतं ते प्रवाहमापक सोडून पाहिलं, उपसा चाचण्या घेतल्या आणि वर्षानुवर्षं पाण्याचा ताळेबंद मांडला. निष्पन्न झालं ते असं: पाणी देणाऱ्या भेगा बहुतांशी कुजलेल्या थराच्या लगेच खाली, वरच्या काही दहा मीटरांतच असतात. त्याखाली ग्रॅनाइट बराचसा कोरडा. खोल गेलं की पाणी लागतंच, ही समजूत त्या खडकात तरी टिकत नाही. पैसे उधार घेऊन आणखी दोनशे फूट खाली जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही माहिती लाखमोलाची आहे. कुठल्याही एका शाखेला एकटीने ती इतक्या खात्रीने सांगता आली नसती.

मोठ्या पल्ल्याची कामंही झाली आहेत. हेलिकॉप्टरखाली तारेचं मोठं कडं टांगून त्यातला वीजप्रवाह झटकन बंद करतात आणि जमिनीत उमटलेले प्रवाह किती वेगाने विरतात ते टिपतात, त्यावरून खालच्या थरांची रोधकता काढता येते. केंद्रीय भूजल मंडळ, हैदराबादची संस्था आणि डेन्मार्कचं ऑरहूस विद्यापीठ यांनी मिळून भारतात सहा ठिकाणी हा प्रयोग केला: दौसा, जैसलमेर, पाटणा, तुमकूर, कडलूर आणि आपलं नागपूर. नागपूर जिल्ह्यात चंद्रभागा पाणलोटात बेसॉल्टच्या खाली दडलेला, त्याहून जुन्या गोंडवाना खडकगटातला वालुकाश्म हा मोठा प्रश्न होता. वरून उडून त्याचा माग काढता येतो, पण त्यातलं पाणी किती आणि कसं, ते खाली ड्रिल उतरवून चाचणी घेतल्याखेरीज ठरत नाही.

अवकाशातूनही हेच दिसतं. 2002 मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल मोजले. पण त्यातून कळतं ते एकूण पाण्याचं वजन. त्यातून जमिनीतल्या ओलाव्याचा वाटा जलशास्त्राच्या प्रतिमानांनी वजा केला, तेव्हा 2009 मध्ये जाहीर झालेला तो आकडा हाती आला: राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यात ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात 109 घनकिलोमीटर भूजल घटलं. तालुक्याच्या नियोजनाला हे उपग्रह फार ढोबळ आहेत, पण वजाबाकी करणारा शेजारी नसता तर तो आकडाही निघाला नसता.

मग अडतं कुठे?

अडतं ते बहुतेक वेळा कामाच्या मांडणीत. पॉइंट काढायचे पैसे प्रत्येक पॉइंटमागे मिळतात. खूण केली, काम संपलं. पुढे बोअरला किती फुटांवर काय लागलं, हे मशीनवाल्याला कोणी कळवत नाही. त्यामुळे त्याचा अंदाज चुकला की बरोबर आला, का चुकला, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. फेल गेलेल्या बोअरचं तर नावही कोणी काढत नाही. वास्तविक तीच सगळ्यात किमती नोंद आहे.

इथे डेन्मार्ककडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या देशाचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं भूजलातून येतं. तिथे 1926 पासून विहीर खोदणाऱ्याला तिची माहिती सरकारला कळवावी लागते. भूभौतिक मोजण्यांचंही राष्ट्रीय कोठार आहे. 1999 पासून त्यांनी देशाच्या सुमारे 40 टक्के भागाचे भूजल नकाशे केले, ते ही दोन्ही कोठारं एकमेकांशेजारी होती म्हणून. कच्ची मोजणी सगळ्यांना खुली असली की दुसऱ्या शाखेचा माणूस ती आपल्या नजरेने पुन्हा वाचू शकतो. नुसतं रंगीत चित्र अहवालात चिकटवून दिलं तर त्याला त्यावर विश्वास ठेवणं किंवा न ठेवणं एवढंच उरतं.

आपल्याकडे सुरुवात बोअरच्या गाडीपासून करता येईल. प्रत्येक रॉड उतरला की वर आलेला चुरा मूठभर घ्यायचा आणि ओळीने छोटे ढीग मांडायचे. करडा-काळा चुरा म्हणजे घट्ट पाषाण, पांढरे कण दिसले तर मांजऱ्या, तांबडं आलं की गेरू. कितव्या रॉडला चुरा ओला झाला ते लिहायचं आणि फोनने फोटो काढायचा. ही नोंद ज्याने पॉइंट काढला त्याच्याकडे परत गेली, तर पुढच्या शेतातली त्याची मोजणी सुधारते.

दुसरी गोष्ट विद्यापीठांची आणि सरकारी यंत्रणेची. 1972 पासून काम करणारी आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्याच्या दीड हजारांवर पाणलोटांत निरीक्षण विहिरी ठेवते आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा पातळी मोजते. भूभौतिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाच्या रेषा याच विहिरींजवळून न्याव्यात, आणि एकदाच न मोजता मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजाव्यात. पाच महिन्यांत खडक बदलत नाही, माती बदलत नाही. दोन मोजण्यांत जो फरक पडेल तो मुख्यतः पाण्याचा असेल. वरच्या मातीची ओल आणि तापमान यांचा थोडा वाटा वजा करावा लागेल, पण माती की पाणी हा जो पेच एका मोजणीत सुटत नाही, तो दोन मोजण्यांत पुष्कळ सुटतो. विहिरीतली पातळी किती मीटर चढली ते यंत्रणेच्या वहीत असेलच. ते दोन आकडे शेजारी ठेवले की त्या गावच्या खडकापुरता रोधकता आणि पाणी यांचा संबंध बांधता येतो, तिथल्या मातीसकट. पदव्युत्तर प्रकल्पाला एवढं काम पुरे, आणि मार्गदर्शक मात्र दोन विभागांतले दोन हवेत.